दोन फुटांचा समुद्र

…आणि वरून मलाच विचारतात, ‘बाई, पाण्याचे पैसे कशाले?’ म्हणजे काच मान्य, लोखंड मान्य, मासे मान्य, आणि पाणी म्हटलं की पाच म्हाताऱ्यांची पाच उपरणी एकदम झटकली जातात! ‘पाण्याचे पैसे कशाले?’ अहो, समुद्राचं पाणी आहे ते! सौंसरात समुद्र आहे का? असेल तर दाखवा, मी आत्ता बादली घेऊन जाते!

नाही, थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल, ही प्रेमलता नागपुरातून बीएस्सी होऊन आली आणि डोक्यावर परिणाम झाला. इथल्या मुलींच्या शाळेत मी सायन्स शिकवते. आठवीला धडा आला प्रवाळाचा, म्हणजे समुद्रात ते दगडासारखे दिसणारे जीव असतात ना, एकावर एक वाढत जातात, त्यांचा. पुस्तकातलं चित्र असं, की प्रवाळ कोणता, मासा कोणता आणि शाईचा डाग कोणता, छापणाऱ्यालाही सांगता येणार नाही. तर मागच्या बाकावरची इंदू उठली. ‘बाई, समुद्र म्हंजे पुरातल्या कन्हानएवढा असते का?’ मी म्हटलं, मोठा असतो. ‘मंग त्याचं पाणी खारं काहून असते? येवढं मीठ कोण टाकते?’

आता तुम्हीच सांगा, हा हसण्यासारखा प्रश्न आहे? वर्ग हसला. मी नाही हसली. कारण मला माहीत होतं, या पोरीचं लग्न फाल्गुनात ठरलं आहे, लोधीखेड्याला. वार्षिक परीक्षाही द्यायची नाही! ती सासरी जाणार, कापूस वेचणार, आणि तिला समुद्र कोण दाखवणार, सासरा? रागाच्या भरात बोलून बसली मी, ‘इंदू, फाल्गुनाच्या आत तुला या वर्गात समुद्र दाखवते. चाखायलाही देते!’ झालं! माझी जीभच अशी आहे, माझ्या आधी धावते.

पण मी मागितलं काय? जहाज मागितलं? बंदर मागितलं? दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद समुद्र मागितला! काचेची टाकी, हवेचा छोटा पंप, खडकाचा एक तुकडा, दोन मासे आणि पाणी. एवढा खर्च मांडून मी कमिटीपुढे गेली.

कमिटी म्हणजे अध्यक्ष रघुनाथराव, आणि ते मान हलवतील तशी मान हलवणारे बाकीचे चौघे. रघुनाथरावांच्या संत्र्याच्या तीन बागा. जगातल्या प्रत्येक वस्तूची किंमत ते संत्र्यात करतात. ‘काच येवढ्याची? म्हंजे एका झाडाचा मृग बहार गेला.’ ‘पंप येवढ्याचा? म्हंजे आंबिया बहारही गेला.’ मग मासे आले. ‘मासे किती?’ दोन. ‘आमी शेकड्यावर पाच संत्री वर देतो. हा दुकानदार दोन माश्याईवर वर काय देते?’ दोन माशांवर वर काय देणार, शेपटी?

हेडमास्तर बापूजी बाजूला बसलेले, डोळे मिटून. त्यांना वाटतं डोळे मिटले की माणूस विचार करून राहिला असं दिसते. म्हणाले, ‘प्रेमलताबाई, आमच्या वेळेस आमी फळ्यावर समुद्र काढत होतो. निळ्या खडूनं. पोरं पास होत होते.’ एक जण म्हणाला, ‘रघुनाथरावांच्या टीव्हीवर फुकट दिसते की समुद्र!’ त्या टीव्हीवर मुंग्याच मुंग्या दिसतात, समुद्र कुठचा?

आणि मग शेवटची ओळ. पाणी. ‘मुंबईहून कॅन, रेल्वे, हमाली,’ मी वाचलं. रघुनाथरावांनी चष्मा काढला. ‘पाण्याचे पैसे कशाले? आमच्या विहिरीच्या पाण्याचं तालुक्यात नाव हाय.’ मी म्हटलं, ‘खारं लागतं.’ ‘मंग मीठ टाका. मीठ मी देतो, घ्या!’ मी सांगितलं, नुसत्या मिठानं समुद्र होत नाही, त्यात आणखी पन्नास गोष्टी असतात. तर म्हणतात कसे, ‘बाई, भाजीतही पन्नास गोष्टी असते, आमच्या घरची बाई त्याचे वेगळे पैसे मागत नाही!’ सगळे हसले. बापूजी डोळे न उघडता हसले. बाकी सगळं मंजूर, पाणी नामंजूर. पाण्याचे पैसे मी माझ्या पगारातून भरले. कोणाला सांगू?

टाकी केली हिरामणनं. हिरामण खिडक्या करतो, म्हणून त्यानं टाकी खिडकीसारखीच केली. ‘बाई, समोरून ग्रील लावून देऊ का? मजबूत राहीन.’ अरे बाबा, मासे चोऱ्या करायला निघणार आहेत का? मग मीच म्हटलं, वरून झाकण कर, पोरी हात घालतात. त्यानं झाकण केलं, झाकणाला कडी केली, आणि कडी दिसल्याबरोबर बापूजींनी कुलूप आणलं! ‘शाळेची मालमत्ता हाय. चाबी माझ्यापाशी राहीन.’ ही चाबी लक्षात ठेवा हं. मी नाही ठेवली, तेच चुकलं.

पाणी पाठवलं पुष्पानं. माझी होस्टेलची मैत्रीण, नवरा मुंबईत रेल्वेत. नागपूरला येणाऱ्या एकाच्या हाती चार कॅन पाणी, आणि डब्यात दोन निळे मासे, आणि खडकाचा एक तुकडा, त्यावर नखाएवढे जिवंत प्रवाळ आणि दोन समुद्रफुलं, नावाची फुलं, खरं तर जीवच. नागपूरहून बसच्या टपावर चढवले कॅन, तर कंडक्टर विचारतो, ‘क्या है मैडम, घासलेट?’ मी म्हटलं, समुंदर है. तो म्हणाला, ‘जो भी है, लगेज लगेगा.’ पाहा! त्या कंडक्टरलासुद्धा समजलं की समुद्राला भाडं लागते!

शुक्रवारी टाकी भरली. आणि तुम्हाला सांगते… ती समुद्रफुलं आधी मिटलेली होती, शेंबडाच्या गोळ्यासारखी. पोरी म्हणाल्या, बाई, हे काय घाण? आणि दुपारी, भूगोलाचा तास चालू असताना, ती उघडली. हळूहळू. गुलाबी. अख्खा वर्ग गप्प. चाळीस पोरी गप्प बसल्या, जे या शाळेत बापूजींच्या छडीनं कधी झालं नाही! लाईट गेली की पंप बंद, म्हणून पोरी पाळीपाळीनं सायकलच्या पंपानं हवा देत होत्या, न सांगता. इंदूनं बोट पुढं केलं, ‘बाई, चाखू?’ आणि मी, मूर्ख, मीच म्हटलं, ‘बोट नाही घालायचं! पाणी अजून बसलं नाही. मंगळवारी. मंगळवारी एकेक थेंब सगळ्यांना.’ शिस्त! सायन्सची शिस्त!

रविवारी मला पांढुर्ण्याला घरी जावं लागलं, कारण वडिलांनी बोलावलं, कारण मला पाहायला पाहुणे आले, आणि पाहुण्यांना त्याच दिवसाचा मुहूर्त होता; सोमवारी शाळेला सुट्टी, म्हणून तिथंच राहिली. तिथं एक काका विचारतात, ‘मुलगी करते काय?’ वडील म्हणाले, ‘शाळेत मासे पाळते.’ पोहे मी त्यांच्या पुढ्यात असे ठेवले की ते समजून गेले. जाऊ द्या, तो वेगळा विषय आहे.

मंगळवारी सकाळी वर्गात पाऊल टाकलं तर वास. दोन्ही मासे पोट वर करून. समुद्रफुलं गळून चिखल झालेली. पाणी मात्र काठोकाठ, नितळ, आरशासारखं! झाकण उघडं, कुलूप बाजूला. आणि टाकीपाशी इंदू उभी. ‘बाई, मंगळवार हाय नं? म्या चाखलं.’ तोंड एवढंसं. ‘गोड हाय बाई. आपल्या विहिरीसारखंच हाय.’

मी तशीच बापूजींकडे. ‘कोणी केलं?’ बापूजींनी डोळे मिटले. ‘काल सोमवती होती ना, बाई.’

होती. सोमवारची अमावस्या, सोमवती. आणि सोमवतीला समुद्रस्नानाचं पुण्य मोठं! तर ज्या रघुनाथरावांना पाण्याचे पैसे कशाला द्यायचे ते समजत नव्हतं, त्यांना पहाटे एकदम समजलं की साक्षात समुद्र सौंसरात येऊन आठवीच्या वर्गात बसला आहे! बापूजींनी चाबी लावली. पहिला लोटा अध्यक्षांचा, मग कमिटीचा, मग बायकांचा, मग व्याह्यांचा. घरी जाऊन बादलीत ओतायचा, झाली आंघोळ! रांग लागली म्हणे, जामसांवलीच्या मारुतीला लागते तशी. लोधीखेड्याहून इंदूचा होणारा सासराही येऊन गेला लोटा घेऊन!

मी गेली रघुनाथरावांच्या घरी. ओरडली. हो, ओरडली! ते झोपाळ्यावर, शांत. ‘बाई, तुमचं नुकसान काही नाही केलं. एक लोटा घेतला का एक लोटा विहिरीचा टाकला. बापूजी उभे होते मोजाले. थेंब कमी असन तं सांगा!’ म्हणजे समुद्र काढत गेले आणि विहीर भरत गेले, इमानदारीनं! मी म्हटलं, ‘मासे मेले!’ तर हात जोडून म्हणतात, ‘सोमवतीले मेले, बाई. सरळ वर गेले.’ आणि वरून काय सांगू, निघताना मला थांबवलं. ‘पुढच्या सोमवतीले आणखी बोलवा. मासे नको, दगड नको. पाण्याचे पैसे मंजूर.’

मंजूर! आता मंजूर! पुष्पाला विचारलं तर ती म्हणते, आता आषाढापर्यंत नागपूरला येणारं कोणी नाही. आणि फाल्गुन दाराशी.

आणि त्यातच आले छिंदवाड्याहून इन्स्पेक्टर साहेब, मागे बापूजी आणि अख्खी कमिटी. रिकामी, धुतलेली टाकी पाहिली, खूश झाले. वर्गाला विचारलं, ‘बताओ, समुंदर का पानी कैसा होता है?’ अख्ख्या वर्गात हात एकच वर गेला. मला कळलं, मी डोळ्यांनी नाही नाही म्हणून राहिली होती, पण ती पोरगी कधी नव्हे ती ताठ उभी राहिली. ‘गोड, साहेब. म्या सोता चाखलं.’

साहेब वळले माझ्याकडे. ‘मैडम, ये क्या पढ़ाया?’ मी तोंड उघडलं, तर मागून रघुनाथराव! ‘बरोबर हाय साहेब, पोरीचं. आमी साऱ्या कमिटीनं आंघोळ केली त्याच्यानं.’ आणि बापूजी, डोळे मिटून, ‘मोजून.’

आता तुम्हीच सांगा, मी काय बोलणार होती? पाच म्हातारे साक्षीला उभे, इंदू माझ्याकडे पाहून राहिलेली, आणि माझ्यापाशी दाखवायला खाऱ्या पाण्याचा एक थेंब नाही. म्हटलं, ‘हो साहेब. आमच्या सौंसरचा समुद्र गोडच आहे.’