अस्वलांच्या घंटा

—देतो रे एक्सेल, एक्सेल काही पळून जात नाही. बस आधी. बेल मात्र दणकून वाजवलीस, बरं केलंस, अशीच वाजवावी. मीटिंग? नाही, चारपर्यंत होती, अण्णांना तसं सांगूनही ठेवलं होतं, पण पलीकडच्याने ऐनवेळी रद्द केली. चहा उकळतोय. अण्णा फिरायला गेलेत, तीनला निघतात, इथल्या न्यूनेन गावाच्या तळ्याला एक चक्कर मारून येतात. तर तुझे आईबाबा पुण्याहून निघणार, तू इथून, आणि टोकियोत भेटणार— अगदी माझ्यासारखं. आणि माझ्या जपान ट्रिपचं एवढं गुणगान कुणी गायलं तुझ्यापाशी? ऑफिसातल्या प्रणवने? त्याने फोटो बघितलेत नुसते, त्याचं काय जातंय.

शिसारी येते मला त्या एक्सेलची, धवल. खरंच सांगतो. अकरा रंग होते त्यात. हिरवा म्हणजे गाडी, निळा म्हणजे चालणं, गुलाबी म्हणजे गरम पाण्याचं कुंड— आणि पिवळा. पिवळा कशाला? तर 'अण्णा थकले तर'. वीस मिनिटं. बापाच्या थकण्याला वीस मिनिटं मंजूर करणारा मुलगा बघायचाय तुला? बघ, समोर बसलाय. शिवाय नियमांचा कागद, छापून, वर प्लॅस्टिक चढवून. सतरा नियम. कुणाला दिला मी तो? बावीस वर्षं मिरजेत हेडमास्तर होते त्यांना. त्यांनी मान हलवल्याशिवाय शाळेची घंटा होत नसे, त्यांना.

जपानमध्ये वाईट काही नाही, गैरसमज नको. कुठे जायचं म्हणशील तर किसो खोऱ्यातच जा. मागोमे आणि त्सुमागो, दोन जुनी गावं, मध्ये आठ किलोमीटर जंगलातली पायवाट, बॅगा गाडीने पुढे पाठवायच्या आणि आपण हात हलवत चालायचं. आम्ही गेलो दोन हजार सोळाच्या एप्रिलात. आदल्या रात्री लाकडी घरात उतरलो होतो. तिथे संडासाच्या स्लिपर वेगळ्या असतात, त्या आतच काढायच्या— नियम नंबर सहा. अण्णा त्या घालून थेट जेवणाच्या चटईवर आले. घरमालकीण म्हातारी, ती हसली, स्लिपर उचलून घेऊन गेली, विषय संपला. माझा संपला नाही ना. मी चारचौघांत म्हणालो, अण्णा, वाचलं नाही का तुम्ही? ते म्हणाले, विसरलो बाबा. आणि पुन्हा जेवायला लागले, काही नाही. तेव्हा अजून काही नव्हतं झालं.

दुसऱ्या दिवशी ती पायवाट. तिथे काय आहे, थोड्या थोड्या अंतरावर खांब आणि खांबाला पितळेची घंटा. अस्वलं आहेत जंगलात, माणसं येतायत हे त्यांना कळावं म्हणून वाजवायची. पाटीच आहे तशी. अण्णा पुढे होते. पहिली घंटा दिसली— आणि हा गृहस्थ खाली बसला. कशाला? बूट काढायला. लेस सोडल्या, मोजे काढले, अनवाणी उभे राहिले, घंटा वाजवली, हात जोडले, डोळे मिटले. मग परत बसून सगळं चढवलं. चार मिनिटं. दुसऱ्या घंटेला परत तेच. वाट अरुंद, मागे आपल्या इथल्याच, ग्रोनिंगनच्या निवृत्त डच लोकांचा ग्रुप, बिचारे थांबून राहिले. आणि मी घड्याळ बघतोय, माझा निळा रंग बोंबलतोय.

तिसऱ्या घंटेला मी फुटलो. "अण्णा, ते देऊळ नाहीये. अस्वलं हाकलायची घंटा आहे ती. लोक हसतायत तुम्हाला."

कुणीही हसत नव्हतं, धवल. एक माणूस नव्हता हसत. त्या ग्रुपमधली एक बाई तर पुढे झाली, डोक्यावरची टोपी काढली, घंटा वाजवली आणि अण्णांकडे बघून हात जोडले. मला वाटलं चिडवतेय. चिडवत नव्हती ती, तिला आवडलं होतं ते. अण्णा एक बूट हातात घेऊन उभे. म्हणाले, "असं होय." बास. दगडावर बसले, बूट घातला, लेस बांधता येईना, बोटं गारठली होती. मी वाकलो नाही. वाकायला काय जात होतं माझं?

त्यानंतर एकही घंटा वाजवली नाही त्यांनी. हात मागे बांधून जायचे खांबावरून. आणि विचारायला लागले. शिरीष, इथे बसू का? हे खाऊ का? पाणी पिऊ का? आणि मला काय वाटलं असेल? बरं वाटलं रे. म्हटलं, आता सुरळीत चाललंय. त्सुमागोला बारा मिनिटं आधी पोचलो आणि मी त्या रकान्यात बरोबरची खूण केली. थू. आठवलं तरी स्वतःची किळस येते.

आता इथे माझ्याकडे येऊन महिना झाला त्यांना, अजून तेच. फ्रिज उघडत नाहीत. खोलीतला हीटर विचारून लावतात. परवा बायकोने, उत्तराने, विचारलं मला, "तू नक्की काय केलंयस त्यांना?" म्हणालो, काही नाही, वय झालं. तिला नाही सांगितलेलं हे, आणि तुझ्यापाशी का ओकतोय कोण जाणे. तुला नुसती फाइल हवी होती. म्हटलं होतं एकदा माफी मागू, रोज म्हणतो, आज चहाला बसलो की—

थांब. ते बघ. तिकडे नाही रे, दारापाशी, खिडकीतून.

अण्णाच ना? पावसाने टोपी भिजलीय, खांदे भिजलेत, म्हणजे आत्ता आलेले नाहीत. त्यांनी बेल वाजवलेली ऐकलीस तू? मीही नाही. बघ, हात वर गेला— नाही, खाली घेतला. घड्याळ बघतायत. चारला किती कमी आहेत? सहा मिनिटं. चारपर्यंत मीटिंग आहे म्हणून सांगितलं होतं ना मी.

फाइल नाही देत तुला. चहाही राहू दे. तू मागच्या दाराने जा.