बोटीवरचा भोंगा

बोटीचं नावच काढू नका बाई माझ्यासमोर! स्मृतिनगरातले आम्ही प्लांटमधून रिटायर झालेले नवरे न त्यांच्या बायका महानदीवर बोटीत फिराले गेलो होतो. मजेत चिवडा खाऊन राहिलो होतो. समोरून दुसरी बोट आली, म्हणून नाववाल्यानं भोंगा वाजवला.

झालं! सगळे नवरे ताडकन उठले न एकाच कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. प्लांटमधी तशीच सवय ना, धोक्याचा भोंगा झाला का सगळ्यांनी एका जागी जमायचं. बोट तिकडंच कलली. माझ्या चपलेत पाणी शिरलं, न मले तर पोहताबी येत नाही.

नाववाला ओरडला, "बीच मा आवव! डोंगा पलट जाही!" मधात या, नाही तं बोट उलटते म्हणे.

मी ह्यांचा शर्ट ओढला. "अहो, इकडं या! बुडून राहिलो आपण!"

हे ढिम्म. म्हणे, "धोका टळल्याचा दुसरा भोंगा झाल्याशिवाय जागा सोडायची नाही."

मी किंचाळली, "अरे भाऊ, वाजव ना एकदाचा!"

नाववाल्यानं वाजवला. सगळे रांगेनं येऊन आपापल्या जागी बसले.

आता घरी शिफ्टचा भोंगा ऐकू आला का मी पलंगाची कड घट्ट धरते. अन् हे मलेच विचारतात, "कावून, भेली का?"