रिबन बांधलेला अ‍ॅडॉप्टर

(चार्जिंग स्टेशनचं आवार. दीर शिडीवर चढून नवा बोर्ड बांधतो आहे. खाली वहिनीने शिडी धरली आहे.)

वहिनी : शिडी धरते, पाहुण्यांना पाणी देते, हसतेसुद्धा. पण ते वाक्य मी बोलणार नाही.

दीर : अहो वहिनी, एकच तर ओळ आहे! ‘आजपासून आमच्या दारातून एकही गाडी परत जाणार नाही.’ यात न बोलण्यासारखं काय आहे? अहो, हलवू नका, पडेन मी!

वहिनी : पडलात तर झेलते. पुन्हा म्हणा बघू.

दीर : ‘आजपासून…’

वहिनी : तिथेच थांबा. त्या ‘आजपासून’पाशीच माझा घास अडकतो.

दीर : आता शब्दाशब्दाला अडायचं का? बस निघालीय तिकडून. साधी माणसं नाहीत, गुंतवणूकदार आहेत, कंपनीत पैसा घातलेले. सगळ्या कंपन्यांनी सह्या केल्या, सगळ्या गाड्यांना एकच प्लग ठरला, आणि आमचा शेअर असा उसळला की आमचे साहेब, जे कधी सरळ ‘हो’ म्हणत नाहीत, ते शिपायाला मिठी मारून मोकळे झाले.

वहिनी : शिपायाचं काय झालं?

दीर : तो घाबरला. त्याला वाटलं नोकरी गेली.

वहिनी : शहाणा आहे.

दीर : चेष्टा पुरे. ही पेटी बघा. मखमल, वर रिबन. पाहुण्यांसमोर उघडायची. कंपनीची भेट आहे, तुमच्यासाठी.

वहिनी : आत काय आहे?

दीर : अ‍ॅडॉप्टर! तुमच्या चार्जरवर आपल्या जुन्या तोंडाची गन, गाडीत खुपसायचं ते टोक, आहे ना? नवी येईपर्यंत हा मध्ये लावायचा, की दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्याही चार्ज होतील. कशी आहे कल्पना?

वहिनी : भावोजी, खाली उतरा.

दीर : एक गाठ राहिलीय.

वहिनी : उतरा म्हणते ना. हं. आता त्या नळाशेजारच्या भिंतीकडे बघा. काय दिसतं?

दीर : … खिळा.

वहिनी : त्यावर काय होतं?

दीर : वहिनी, तो विषय आज नको.

वहिनी : काय होतं?

दीर : अ‍ॅडॉप्टर.

वहिनी : असाच. दुकानातून आणलेला, पक्क्या बिलाचा. ज्याच्या गाडीला आपली गन बसत नसे, तो खिळ्यावरून काढायचा, लावायचा, पुन्हा टांगून जायचा. कुणी पळवला नाही. पळवला तो एकानेच, दोन वर्षांपूर्वी, कंपनीची नोटीस हातात घेऊन, माझ्या घरी जेवून, हात पुसता पुसता.

दीर : मी पळवला नाही. जप्त केला. वरून हुकूम होता. बाहेरच्या वस्तूने गन तापते, धोका असतो, असं लिहिलं होतं त्यात.

वहिनी : आणि हा पेटीतला तापत नाही?

दीर : ह्याच्यावर आपला शिक्का आहे.

वहिनी : शिक्क्याने थंड होतो होय? मग उन्हाळ्यात माझ्याही कपाळावर एक मारा.

दीर : तुम्हाला खरं हवंय ना? मग ऐका. तेव्हा या गुंतवणूकदारांनाच आपलं तोंड वेगळं हवं होतं. दुसऱ्याची गाडी आपल्याकडे चालायला लागली तर लोक आपली गाडी कशाला घेतील? गिऱ्हाईक दावणीला बांधलेलं राहावं, असा हिशेब होता. आता हिशेब फिरला. सगळ्यांच्या गाड्या आपल्या चार्जरवर येणार म्हटल्यावर त्यांना त्यात जास्त पैसा दिसला. बाजार आहे तो. त्याला राग नसतो, लोभ नसतो.

वहिनी : लोभच तर असतो! म्हणजे दार बंद केलं ते त्यांच्यासाठी, आणि आता उघडलं तेही त्यांच्यासाठी. मधल्या मध्ये दारात उभं होतं ते माणूस कुणाच्या हिशेबात होतं?

दीर : तुमच्या नावावरही शेअर आहेत म्हटलं. दादाने स्टेशन घेतलं तेव्हा कंपनीने दिलेले. तेही वाढले की!

वहिनी : म्हणून तर जास्त चीड येते. गाय मारून जोडे दान करायचे, आणि त्यातला एक जोड माझ्या पायात! आई म्हणायची, ‘आला भागला जीव, उंबरा आधी बोले, नाव-गाव मागाहून, आधी पाणी दिले.’ आणि तुम्ही अ‍ॅडॉप्टर नेल्यावर चार्जिंग संपत आलेली गाडी घेऊन जी नर्सबाई आली, तिला मी ह्याच फाटकात काय विचारलं? गाडी कुठल्या कंपनीची!

दीर : हे बघा, मी नोकर माणूस. वरचे म्हणाले डावीकडे, मी डावीकडे. पण एक स्पष्ट सांगतो, घरचा म्हणून. नव्या गन आधी ज्यांना मिळणार त्या यादीत तुमचं स्टेशन मी कसंबसं घुसवलंय. नव्या गाड्या सगळ्या नव्या तोंडाच्या येणार. गन मिळाल्या नाहीत तर हे चार्जर म्हणजे नुसते खांब, कपडे वाळत घालायला. त्या यादीसाठी ही एक ओळ आहे. बोला आणि मोकळ्या व्हा.

वहिनी : आणि नाही बोलले तर?

दीर : तर मी दादाला काय तोंड दाखवू?

वहिनी : … थांबा. फाटकात गाडी आलीय.

दीर : बस?

वहिनी : नाही. ती निळी गाडी. अगंबाई, ह्याच त्या!

नर्स : ताई, ओळखलंत का?

वहिनी : आत या बाई, उन्हात उभ्या राहू नका.

नर्स : चार्जिंगला नाही आले. तुमची छत्री द्यायला आले. तेव्हा गाडी इथेच सोडून चालत निघाले तर तुम्ही धावत येऊन दिलीत. इतके दिवस गाडीत मागे पडून होती. ह्या रस्त्याने मी आता येत नाही ना, वळसा घालून जाते. आज लांबून नवा बोर्ड दिसला, म्हटलं देऊन टाकावी.

वहिनी : त्या दिवशी पोचलात का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

नर्स : पोचले. उशिरा. पुढचा चढ संपता संपत नाही. टेकडीपलीकडच्या एका आजोबांना दुखणं शमवायचं इंजेक्शन द्यायचं होतं. जगायचे नव्हतेच ते, पण जायचं ते शांत, एवढंच माझ्या हातात होतं. मी जाईपर्यंत उशी दातांत धरून पडले होते. सून म्हणाली, प्रत्येक आवाजाला विचारायचे, ‘गाडी आली का?’

दीर : … हे मला माहीत नव्हतं.

वहिनी : तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नाही. बाई, आता कुठे निघालात?

नर्स : दोन घरं आहेत टेकडीपलीकडे.

वहिनी : आणि गाडीत चार्जिंग किती?

नर्स : जाईन मी.

वहिनी : जाल, की ढकलाल?

नर्स : परतताना ढकलेन बहुतेक.

वहिनी : भावोजी, ती पेटी आणा इकडे.

दीर : वहिनी, रिबन! ती पाहुण्यांसमोर… फोटोवाला बसमध्ये आहे!

वहिनी : आणता, की मी येऊ?

दीर : घ्या. … अशी नका ओढू, गाठ बसेल. द्या, मी सोडतो.

नर्स : नको ताई, तुमच्याकडे काहीतरी कार्यक्रम दिसतोय. आणि इथे नियम आहे ना? बाहेरची गाडी…

वहिनी : तो नियम आज वारला. गाडी पुढे घ्या. आणखी थोडी. बस. द्या भावोजी, तो गनला लावा. तुम्हीच काढून नेला होता, तुम्हीच लावा.

दीर : लागला. … चालू झालं.

नर्स : तापत नाही ना हा?

दीर : नाही बाई. तेव्हाचाही तापत नव्हता.

वहिनी : हे मात्र वाक्य झालं, भावोजी. बाई, तिकडे सावलीत खुर्ची आहे, बसा. झालं की तो अ‍ॅडॉप्टर त्या खिळ्याला टांगा. पूर्वी टांगायचे ना, तसाच.

दीर : वहिनी, बस आली. आणि मधला चार्जर आपण फोटोसाठी मोकळा ठेवला होता. आता काय सांगू त्यांना?

वहिनी : म्हणावं, जरा थांबा. ह्या बाई दोन वर्षांपासून रांगेत आहेत.