शिंदखेड्याच्या नानांची बोली

आता तुम्हीच सांगा, या माणसावर चिडायचं कसं? माझा जुना रेडिओ मी देवपूरच्या पत्त्यावरून ऑनलाइन लिलावात काढला होता. शेवटच्या मिनिटाला आमच्याच जिल्ह्यातल्या शिंदखेड्याच्या एका नानांनी जळगावच्या गिऱ्हाइकावर बोली चढवली आणि लिलाव जिंकला. पैसे मात्र येईनात. शेवटी साइटवरचा नंबर बघून मीच फोन लावला.

"नाना, रेडिओचे पैसे?"

"कसाना पैसा? माले काय कराना शे रेडिओ?"

"मग बोली कशाला लावली?"

"तू देवपूरना, आपला मानूस शे. तुना रेडिओ मातीमोल जाई राहिंता, म्हनीसन भाव वाढाई दिधा. बैलबाजारमा आम्ही असंच करतस."

"अहो, पण तुम्हीच जिंकलात! तो जळगाववाला निघून गेला ना!"

नाना उलट मलाच म्हणाले, "मंग तू त्याले थांबाडं का नही?"

भांडू की आभार मानू, मला कळेना. काल रेडिओ पुन्हा लिलावात टाकला. पहिलीच बोली नानांची! पाठोपाठ त्यांचा फोन, "काळजी नको करू भाऊ, आते शेवटपर्यंत मीच शे!"