नूडल्सवर रस्सा

आमच्या मामांना परत कधी बाहेर खायला नेलं ना, तर माझं नाव बदलून टाका. परवा विसरवाडीच्या फाट्यावर चायनीजच्या गाडीवर मोठ्या हौसेनं त्यांना नूडल्स मागवून दिल्या. मामांनी पिशवीतून भाकर काढली आणि गाडीवाल्याला विचारलं, "भो, रस्सा नही ते भाकर कशामा चुरू?"

मी म्हटलं, "मामा, नूडल्स कोरड्याच असतात!"

"मंग घशाखाली कशा उतरतीन?"

गाडीवाल्याला पटलंच ते! शेजारच्या ढाब्यावरून शेवभाजीचा रस्सा आणून त्यानं मामांच्या ताटलीत ओतला. ते बघून बाकड्यावरच्या ट्रकवाल्यांनीही रस्सा मागितला. मी मात्र हट्टानं कोरड्याच खात बसलो. शेवटी गाडीवाला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, रस्सा बी नही, पोट बिघडेल शे का?"