वायफायसाठी धरलेलं मौन

मंगलताई, मी एकदा वायफायसाठी नवस बोलले होते, सांगितलं का तुम्हाला? सूनबाईची नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर होती. तिनं सकाळीच त्याची सिस्टीम अपग्रेड केली, अन् वायफाय लागंना. माझं मागून चालूच, "बंद करून चालू कर गं. राऊटरला उदबत्ती ओवाळू का?" ती रडकुंडीला आली. मग मी अंबाजोगाईच्या योगेश्वरीला बोलले, "वायफाय येईस्तोवर मौन धरते."

घर शांत झालं. तिनं लॅपटॉपमधलं जुनं कनेक्शन काढलं, पासवर्ड नव्यानं टाकला अन् वेळेत मुलाखतीला बसली.

नंतर मी म्हणलं, "पावली गं देवी!"

सून हसली, "लई लवकर पावली आई. तुम्ही गप्प बसल्याबरोबर."

तुमची सूनबी लॅपटॉपशी झगडत असली, तर हाच नवस बोला, ताई.