निळी मूठ

नाही हो, चोरीची कशी असेल, ह्यांचीच स्कूटर आहे. कागद घरी आहेत, पेटीत. मला चालवता येत नाही म्हणून ढकलत आणली, काळेवाडीहून, पूल ओलांडून थेट इथवर — बघा पदराची काय दशा झालीय. वाटेत एकदोघांनी विचारलं, वहिनी, पेट्रोल संपलं का? हो म्हटलं. काय सांगणार? तुम्ही फक्त एवढं बघा, दादा, हा पुढचा पत्रा. दिसतंय ना? लांबूनसुद्धा दिसतंय ना? तेच तर! स्टिकर होतं तेव्हा एवढं डोळ्यांत भरत नव्हतं, तेवढं काढल्यावर भरायला लागलंय.

युनियनचं होतं. लाल, दातेरी चाक आणि मधे मूठ. मागच्या दिवाळीला — नाही, त्याच्या मागच्या — ह्यांनी लावलं, फुगा राहू नये म्हणून वरून फडकं दाबून दाबून. आमच्या चाळीपुढं सावली कुठली, दोन वर्षं गाडी उन्हात — सगळा रंग विटून पांढुरका झाला, आणि स्टिकरखाली मात्र नवाकोरा निळा. मला काय ठाऊक असं होतं? वाटलं, सोललं की गेलं. आधी नखानं काढत होते, तर नुसते तुकडे पडायला लागले, प्लास्टिक पार कडक झालेलं. मग उकळतं पाणी ओतलं. खालचा चिकटा रॉकेलनं पुसला. मग ब्लेड — हो, माहीत आहे, ब्लेड लावायला नको होतं, हा ओरखडा माझाच. आणि सगळं निघाल्यावर बघते तर मूठ तिथंच. लाल होती ती निळी झाली, एवढंच. बोटं मोजून घ्या.

रंग मारलात तर ठिगळ दिसेल ना पण? — घासून? म्हणजे भोवतीचा विटलेला थरच काढायचा, की सगळा पत्रा एकसारखा निळा? हां. ते करा. आत्ताच करा. पाचच्या आत होईल? पाचला हे येतात. दवाखान्यात गेलेत, बसनं, म्हणून तर गाडी हाती लागली. नाही, नाही, ह्यांना काही झालेलं नाही. देवाची कृपा, ह्यांना काही झालं नाही. ह्यांचे मित्र आहेत, ज्योतीराम भावजी, दोघं एकाच खात्यात — म्हणजे संपाच्या आधी. आता बेचाळीस दिवस झाले, गेटाबाहेरच बसतात सगळे. मंगळवारी सकाळी भावजींना अडवलं, वीटभट्टीच्या रस्त्याला. पाच-सहाजण होते म्हणे. त्यांच्याही गाडीवर हेच. नावगाव काही विचारलं नाही, स्टिकर बघितलं आणि खाली ओढलं. उजवा हात. बुधवारी बघून आले मी — कोपर कुठं नि मनगट कुठं, काही कळत नव्हतं. डॉक्टर म्हणतात, मशीनवर उभे राहतील की नाही सांगता येत नाही. त्यांची बायको शेजारी बसून मोसंबी सोलत होती. मला म्हणते, बरं झालं, तुमचे नव्हते त्या दिवशी. आणि एक फोड माझ्या हातावर ठेवली. खाल्ली मी. काय करणार? खाल्ली.

घासताय ना? हां, घासा, घासा. निघतंय — इथं कमी दिसतंय आता.

जाणार होते ना हे, तेच सांगते. दोघंच जाणार होते. बाराशे लोकांच्या सह्यांचा कागद पुण्याला द्यायचा होता, लेबर ऑफिसात. हमरस्त्यानं नको, तिकडच्या मोठ्या पुलावर कंपनीची माणसं उभी असतात, म्हणून वीटभट्टीकडून जायचं ठरलं. आणि सकाळी माझ्या पोटात दुखायला लागलं. गडाबडा लोळले मी. हे म्हणाले, ज्योतीराम, तू हो पुढं, मी हिला दाखवून येतो. दवाखान्याच्या पायरीवर पोचेस्तोवर माझं थांबलं सुद्धा. — खरंच दुखत होतं हो! म्हणजे… भीतीनंसुद्धा दुखतं की पोटात. बाईमाणसाला विचारा.

नाही, मला कसं कळणार काय होणार आहे ते? मला एवढंच माहीत होतं की ह्यांनी जायचं नाही. भाऊ म्हणाला होता, मंगळवारी दाजींना घराबाहेर पाठवू नकोस. रविवारी जेवायला आला होता, तेव्हा. माझा धाकटा, पाठचा. कंपनीच्याच टाइम ऑफिसात आहे, हजेरी मांडणारा साधा कारकून, त्यांना आत जावंच लागतं, संप असो नसो. मीच त्याच्यापुढं रडले — म्हटलं, असं असं आहे, हे मंगळवारी निघालेत, तू साहेबांच्या कानावर घाल, ह्यांचं नाव कुठल्या यादीत येऊ देऊ नको. तो भात कालवता कालवता म्हणाला, कोणत्या रस्त्यानं जाणारेत? मी सांगितलं. भाऊ आहे माझा! त्याला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं? नंतर म्हणाला, आक्का, तेवढं ते चाकाचं स्टिकर काढायला लाव गाडीवरचं, पोरांना मी सांगून ठेवतो, ज्या निळ्या गाडीवर चाक नाही तिला हात लावायचा नाही. ह्यांना काय सांगणार मी? हे मेले तरी काढणार नाहीत. म्हणून आज हे दवाखान्यात गेल्यावर —

हात का थांबला तुमचा? घासा ना. असं अर्ध्यावर नको, हे तर आणखी वाईट. असं कुणी पाहिलं तर कंपनीची माणसं म्हणतील, होतं की चाक, आणि गेटावरचे म्हणतील, ह्यानं काढलं, हाच फुटला, ह्यानंच ज्योतीरामला — आणि ह्यांना काही म्हणजे काही ठाऊक नाही हो! हे तर रोज त्या माणसाला आपल्या हातानं भरवतात.

असे का बघता?

ते काय आहे, त्या फळीवर? लाल. चाकंच आहेत ना? गठ्ठाच आहे की. तुम्ही — तुम्हीच करता ही? म्हणजे ज्योतीराम भावजी इथूनच… बोर्डावर तर नुसतं नंबरप्लेट लिहिलंय. म्हणून तर मी एवढ्या लांब आले, ओळखीचं कुणी नको म्हणून.

नाव? त्याचं नाव कशाला हवंय तुम्हाला? मी नाही नाव घेतलं. घरात नंदूच म्हणतो आम्ही, नंदू काय, छप्पन असतात. — नंदकिशोर? तुम्हाला कसं माहीत? कुणी सांगितलं? नाही. दुसरा असेल. तो नव्हे. दादा, हे बघा, तो वाईट नाही, वरून त्याच्यावर दडपण आहे, दोन लहान पोरी आहेत त्याला. त्याला काय कळतंय मारामारीतलं, सकाळी डबा घेऊन एकटा सायकलवरून जातो, चिंचवडहून, त्या रेल्वेच्या —

नाही. काही नाही. काही बोलले नाही मी.

राहू दे. घासू नका. पुसू पण नका, आहे तशी नेते. मी आलेच नव्हते इथं. गाडी द्या माझी. दादा, हँडल सोडा. सोडा ना हो. सोडा —